एकसष्ट नंबरची जागा

शनिवारी सकाळी अकरा वाजता मिथिला दांगटला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, करवती नावाची बिबट्याची मादी तिच्या दोन पिल्लांसकट वस्तीमागच्या उसातच राहणार होती. दुसरी, समोरच्या घरातले भिकाजी डुंबरे यांनी मिथिलाच्या दोन वर्षांच्या कामाला साऱ्या वस्तीसमोर 'पोरखेळ' म्हटलं होतं, तो शब्द त्यांना तेवढ्याच माणसांसमोर मागे घ्यावा लागणार होता. तिसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. वनरक्षक नसीमा मुजावर यांनी कबूल केलं होतं, की नोंदी नीट निघाल्या तर माझी जुनी खाकी टोपी तुझी. अकरा वर्षांच्या मुलीने प्राण्यांच्या भल्यासाठी झटावं आणि जाता जाता एक टोपीही कमवावी, यात वाईट काही नाही.

गुरुवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता या तिन्ही गोष्टी एका करड्या पेटीत अडकून बसल्या.

पेटीकडे जाण्याआधी वस्तीची ओळख हवी. साल २०५१. जुन्नर तालुक्यातली दांगटवस्ती, अकरा घरं, तिन्ही बाजूंनी ऊस. उसात बिबटे जन्मतात, उसातच मोठे होतात. मिथिलाचे आजोबा डॉ. सोपान दांगट, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांनी नोकरीभर रेडिओ दुर्बिणीवर काम केलं. आकाशातून येणाऱ्या लहरी टिपायच्या, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावर त्यांनी लक्ष आकाशातून काढलं आणि उसाकडे वळवलं. बांधांवर चौदा खांब रोवले, प्रत्येकावर उन्हावर चालणारा एक मायक्रोफोन बसवला. वस्तीतली पोरं या खांबांना 'कान' म्हणत. बिबट्या ओरडतो तेव्हा कुणी लाकूड कापत असल्यासारखी खरखर ऐकू येते, आणि प्रत्येक बिबट्याच्या खरखरीची चाल निराळी असते. या मादीची चाल सगळ्यांत संथ. म्हणून मिथिलाने तिचं नाव ठेवलं करवती.

चौदा कानांनी ऐकलेलं सगळं जिन्याखालच्या पेटीत जमा होई. पेटी म्हणजे घरचा सर्व्हर (माहिती साठवून ठेवणारा आणि मागेल त्याला ती काढून देणारा, सदा जागा असलेला संगणक). मिथिला रोज शाळेआधी रात्रीच्या नोंदी तपासायची, चुकलेल्या दुरुस्त करायची आणि शाळेची कुठली वाट मोकळी आहे ते अकरा घरांना कळवायची. दोन वर्षांत वस्तीतलं एकही पोर बिबट्यासमोर आलं नव्हतं.

"एवढं मोलाचं काम घरात कशाला ठेवता? बाहेरच्या मोठ्या संगणकांवर का नाही?" मुजावरबाईंनी एकदा विचारलं होतं.

"करवती कुठे झोपते हे जगाला कळलं तर रविवारी इथे शंभर गाड्या उभ्या राहतील," आबा म्हणाले होते. "मग ती झोपेल कुठे?"

जानेवारीत डुंबरेकाकांची पिवळी नावाची शेळी गेली. करवतीनेच नेली, पिंजरा लावा आणि तिला दूर नेऊन सोडा, असं काकांचं म्हणणं. मुजावरबाईंनी काका आणि मिथिला, दोघांचं ऐकलं आणि निकाल दिला, "शनिवारी अकराला समाजमंदिरात दोन वर्षांच्या नोंदी दाखवा. नोंदी नसतील तर मला पिंजरा लावावाच लागेल. पिल्लं लहान आहेत, ताटातूट झाली तर ती जगतील याची खात्री मी देत नाही."

आता आबांचं घर. या घरात प्रत्येक वस्तूला एक जागा होती आणि प्रत्येक जागेला नंबर. चष्मा दोन, कात्री चौदा, सुतळी पंधरा, अशा चौऱ्याऐंशी जागा. त्यांची यादी एका वहीत होती आणि वहीची जागा एक. अशा माणसाची चेष्टा करणं सोपं असतं. पण दिवे गेल्यावर पाच सेकंदांत मेणबत्ती काढून देणारं घर वस्तीत हे एकच, आणि चेष्टा करणारेच दाभण मागायला तिथे येत.

तीन आठवड्यांपूर्वी मिथिलाच्या मामाने घरकामासाठी एक यंत्रमानव पाठवला. कमरेइतका उंच, तीन चाकांवर फिरणारा, बोलायला अतिशय अदबशीर. मिथिलाने त्याचं नाव टापटीप ठेवलं. आबांनी त्याला चौऱ्याऐंशी जागा पढवल्या आणि एक नियम सांगितला: जागेवर ठेवलेली वस्तू पुढच्या माणसाला लगेच वापरता आली पाहिजे. तेव्हापासून कात्री धार लावून चौदा नंबरला जाऊ लागली आणि पेनं शाई भरून एकतीसला. आपलं म्हणणं जन्मात पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असं आबा वस्तीभर सांगत फिरले.

आणि मग तो गुरुवार आला. एव्हाना चंद्रावर माणसांची वस्ती झाली होती, पण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची ती जायचीच. एरवी दोन तास जायची आणि पेटी तेवढा वेळ बॅटरीवर काढायची. या गुरुवारी ती सकाळी साडेआठला गेली आणि संध्याकाळी पाचला आली. पेटीने तीन तास वाट पाहिली आणि शहाण्यासारखी स्वतःहून बंद झाली.

सव्वापाचला मिथिलाने पेटीचं बटण दाबलं. पंखा फिरला. आतल्या सहा डिस्कचे (माहिती साठवणाऱ्या तबकड्यांचे) सहा दिवे हिरवे झाले. पडद्यावर एक ओळ आली: 'सुरू होण्यासाठी काही सापडलं नाही.'

तिने बटण पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ.

"आबा, इकडे या जरा. वीज आहे, पंखा फिरतोय, सहाही डिस्क ठीक आहेत. पोटात दोन वर्षं भरली आहेत आणि ही म्हणते, काही सापडत नाही."

आबा आले, वाकले, पेटीच्या मागच्या बाजूने हात फिरवला आणि तसेच वाकलेले राहिले.

"इथे एक पेन ड्राइव्ह होता," ते म्हणाले.

मिथिलाच्या वयाच्या मुलांनी पेन ड्राइव्ह पाहिलेला नसतो. तिने पाहिला होता, कारण आबांच्या खणात तसे बरेच होते: बोटाच्या पेराएवढी काडी, एका टोकाला पत्र्याचं तोंड.

मागून चाकांचा आवाज आला. "आबासाहेब, तो पेन ड्राइव्ह मी नऊ दिवसांपूर्वी जागेवर ठेवला," टापटीप म्हणाला. "पेन ड्राइव्हची जागा तेवीस. तो मला पेटीच्या मागे सापडला होता."

तेवीस नंबरच्या खणात आठ पेन ड्राइव्ह एका रांगेत ठेवले होते. आठही काळे, आठही सारखे.

"यातला कुठला?" मिथिलाने विचारलं.

"डावीकडून तिसरा. पुढच्या माणसाला लगेच वापरता यावा म्हणून मी तो पुसून कोरा केला आहे."

आबा जिन्याच्या पायरीवर बसले. स्वतःचाच नियम दुसऱ्याने तंतोतंत पाळला तर त्याला रागवायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

"पण आबा, हे जुळत नाही," मिथिला म्हणाली. "याने नऊ दिवसांपूर्वी काढला. पेटी तर आज सकाळपर्यंत चालू होती. मी सातला नोंदी पाहिल्यात."

प्रश्न चांगला असला की आबांना संकटाचाही थोडा वेळ विसर पडे. ते सरळ बसले.

"वीज आली की यंत्र जागं होतं, पण ते कोरं असतं," ते म्हणाले. "आपण कोण, आपलं काम काय, काही ठाऊक नसतं. म्हणून ते सगळ्यांत आधी एक चिठ्ठी शोधतं. त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, तू सर्व्हर आहेस, तुझ्याकडे सहा डिस्क आहेत, कुठलीने काय करायचं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही. चिठ्ठी वाचून यंत्र कामाला लागतं, त्याला बूट होणं म्हणतात. आपल्या पेटीची चिठ्ठी त्या पेन ड्राइव्हवर होती."

"मग चिठ्ठी गेल्यावर पेटी तेव्हाच का नाही थांबली?"

"कारण चिठ्ठी ती एकदाच वाचते आणि तात्पुरत्या स्मृतीत ठेवते (वीज आहे तोवरच टिकणारी आठवण)."

मिथिलाने ते आपल्या शाळेवर लावून पाहिलं. "म्हणजे मी सकाळी फळ्यावरचं वेळापत्रक पाठ केलं आणि मग कुणी फळा पुसला, तरी माझा दिवस निभेल. झोपून उठले की मात्र कुठल्या तासाला काय, काही आठवायचं नाही."

"तसंच. पेटी आज झोपली आणि फळा कोरा आहे."

"फळ्यावरचं दुसरीकडे लिहून ठेवलं होतं का?"

आबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे काय. दर महिन्याच्या एक तारखेला मी या चिठ्ठीचा बॅकअप घेतो (मूळ हरवलं तर हाताशी असावी म्हणून केलेली दुसरी प्रत). सव्वीस महिन्यांत एकदाही चुकलो नाही. जागा नंबर एकसष्ट."

"एकसष्ट कुठे आली?"

आबांनी वही उघडली, बोट एकसष्टवर नेलं आणि बोट तिथेच थांबलं.

"एकसष्ट पेटीत आहे," ते हळूच म्हणाले.

हसू आवरायला मिथिलाला बरीच ताकद लागली. पेटी उघडायची चिठ्ठी आबांनी सव्वीस वेळा, न चुकता, तारीख घालून, पेटीच्याच आत ठेवली होती.

"संगणकातली वस्तू संगणकात," आबा म्हणाले. "मला ती जागा फार योग्य वाटली होती गं."

गबाळ्या माणसाने प्रतच केली नसती. ही चूक करायला आबांइतका नीटनेटका माणूस लागतो.

मिथिलाने शनिवारपर्यंतचे तास मोजले. बेचाळीसच्या आत होते. "नवी चिठ्ठी करू," ती म्हणाली. "सर्व्हर कसा चालवायचा या मूळ सूचना तर कुणालाही मिळतात. आपल्या डिस्कचा क्रम तेवढा आपला. तो अंदाजाने देऊ. चुकला तर बदलू."

"थांब," आबा म्हणाले. "टापटीप, सहा वाट्या आण. जागा चाळीस. आणि शेंगदाणे."

त्यांनी पाच वाट्यांत दाणे मोजून टाकले: चार, सात, दोन, नऊ, तीन. सहाव्या वाटीत दाणे घातले नाहीत. कागदाच्या कपट्यावर पंचवीस लिहून तो कपटा तिच्यात टाकला.

"पाच वाट्या म्हणजे तुझ्या नोंदींच्या पाच डिस्क. सहावीत नोंद एकही नाही, फक्त बाकीच्यांची बेरीज. खऱ्या पेटीतली बेरीज थोडी निराळी असते, पण कल्पना हीच. आता मी पाठ फिरवतो. एक वाटी रिकामी कर."

मिथिलाने नऊची वाटी निवडली. तीत सगळ्यांत जास्त दाणे होते, एवढंच कारण. आबांनी वळून उरलेले दाणे मोजले. "सोळा उरले. बेरीज पंचवीस. तू नऊ खाल्लेस."

"म्हणजे एक डिस्क मेली तरी तिच्यातलं परत मिळतं?"

"मिळतं. म्हणून ती बेरजेची डिस्क (हिला पॅरिटी म्हणतात) फार गुणाची. पण आता तुझा अंदाज घेऊ. समज, नव्या चिठ्ठीत तू चुकून या सातच्या वाटीला बेरजेची वाटी म्हटलंस. यंत्र तुझ्याशी वाद घालणार नाही. ते सांगितल्याप्रमाणे सातची वाटी ओतून देईल आणि तीत नवी बेरीज लिहायला लागेल."

मिथिलाने सातच्या वाटीकडे पाहिलं. त्या सात दाण्यांत पिल्लांची पहिली ओरड असेल. ती मागच्या वर्षी पंचवीस ऑक्टोबरला पाच नंबरच्या कानाला ऐकू आली होती, आणि त्या दिवशी मिथिला शाळेत उशिरा पोचली होती.

"सहांतून एकदाच बरोबर यायचा," ती म्हणाली. "अंदाज नको."

एक दाणा तोंडात टाकून ती बराच वेळ वाट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, पाच वाट्यांत दाणे आहेत आणि सहावीत कपटा. डोळ्यांनी बघितलं की लगेच कळतं, वेगळी कुठली ते. डिस्क पेटीतून एकेक काढून दुसऱ्या संगणकाला लावल्या तर? फक्त वाचायचं, लिहायचं काहीच नाही. पाच डिस्कवर करवतीच्या नोंदी दिसतील, एकीवर नुसता गोंधळ दिसेल. गोंधळवाली ती बेरजेची. आणि पाचांपैकी एकीवर तुमची एकसष्ट नंबरची जागा असेलच ना?"

आबांनी नातीकडे पाहिलं. मोठ्या दुर्बिणीवर तीस वर्षं त्यांनी हुशार माणसं पाहिली होती, आणि त्यांच्याकडे बघताना जो चेहरा व्हायचा तोच आता झाला. "असेल," ते म्हणाले. "पण असल्या जुन्या डिस्क वाचणारा लॅपटॉप आणि त्याची वायर हवी. माझ्याकडे होती, मी देऊन टाकली. एका कामाच्या दोन वस्तूंना मी जागा देत नाही."

"कुणाला दिली?"

आबा खिडकीतून समोरच्या घराकडे पाहत म्हणाले, "भिकाजीला."

डुंबरेकाकांच्या घरात कुठल्याच वस्तूला जागा नव्हती, आणि म्हणून तिथे सगळंच मावत असे. काका काहीही टाकून देत नसत. शुक्रवारी सकाळी मिथिला दारात उभी राहिली तेव्हा ते ट्रॅक्टरच्या सीटवर बसून चहा पीत होते. ट्रॅक्टर विकून बारा वर्षं झाली होती. सीट ओसरीवर होती.

"काय गं पोरी, इकडं कुठं वाट चुकली?"

"काका, आबांनी दिलेला जुना लॅपटॉप आहे का? डिस्क लावायच्या वायरीसकट."

"असंल की. कशाला पाहिजे?"

खोटं सांगणं सोपं होतं. मिथिलाने खरं सांगितलं: पेटी, पेन ड्राइव्ह, टापटीप, एकसष्ट नंबर. काकांनी चहा खाली ठेवला. एकसष्टचं ऐकून ते इतके हसले, की घरातून काकू बघायला आल्या.

"म्हंजी कपाटाची किल्ली कपाटात ठिवून दार ओढून घेतलं आबांनी. वस्तीत बाकी सगळ्यांनी केलं असतं तर चाललं असतं. पण आबांनी!" त्यांनी डोळे पुसले. "बरं. आणि मी वायर दिली नाही तर उद्या तुझ्याकडं नोंदी नाहीत. नोंदी नाहीत तर पिंजरा."

"हो."

"आणि पिंजरा तर मलाच पाहिजे."

"हो."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. त्यांचा फायदा उघड होता. नुसतं 'सापडत नाही' म्हणायचं, आणि त्या घरात कुणालाही ते पटलं असतं.

"एका बोलीवर देतो," ते म्हणाले. "माझ्या पिवळीचं काय झालं ते मला कळलं पाहिजे. जे निघंल ते सगळं दाखवायचं. तुझ्या सोयीचं तेवढंच काढायचं नाही."

मिथिला लगेच हो म्हणाली नाही. गेल्या ऑगस्टमध्ये दोन रात्री नऊ नंबरच्या कानाने करवतीला ऐकलं होतं, आणि नऊ नंबरचा कान म्हणजे डुंबरेकाकांच्या गोठ्याची मागची भिंत. काही घडलं नव्हतं. मिथिलाने त्या दोन नोंदी कुणाला सांगितल्या नव्हत्या. पेटी कायमची बंद राहिली असती तर त्या दोन रात्रीही तिच्यासोबत बंद राहिल्या असत्या.

"सगळं दाखवीन," ती म्हणाली.

लॅपटॉप सापडायला पाऊण तास लागला. तो कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात होता. वायर मात्र देवघरात निघाली. का, ते काकांनाही सांगता येईना.

दुपारी शाळा सुटल्यावर आबांच्या घरी जमिनीवर चादर अंथरली गेली. आबांनी लॅपटॉपला आधी बजावलं: फक्त वाचायचं. ती खूण दोनदा तपासली. टापटीपवर कामगिरी सोपवली, की पेटीतून निघालेली प्रत्येक डिस्क ज्या खाचेतून आली त्याच खाचेत परत गेली पाहिजे. हे काम त्याने इतक्या चोखपणे केलं, की कालपासून त्याच्याशी न बोललेली मिथिला शेवटी म्हणाली, "शाबास रे."

"आभारी आहे. मी कालही जागेवरच ठेवलं होतं," टापटीप म्हणाला.

"माहीत आहे मला," मिथिला म्हणाली.

डुंबरेकाका आपणहून आले आणि खिशातून आणलेल्या शेंगा फोडत बसले. पहिल्या डिस्कवर पहिल्या वर्षाच्या नोंदी दिसल्या. दुसरीवर पावसाळा. तिसरीवर शेजारच्या नर बिबट्याच्या भांडणाचा सबंध आठवडा. चौथी लावली तेव्हा पडद्यावर नाव नाही, तारीख नाही, अर्थ लागेल असं काहीच आलं नाही.

"ही मेली का काय?" काकांनी विचारलं.

"नाही काका. ही कपट्याची वाटी," मिथिला म्हणाली. काकांना काही कळलं नाही, म्हणून तिने त्यांच्याच शेंगांवर त्यांना बेरीज समजावली. काका लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी या सगळ्यांत हिचं स्वतःचं काहीच नाही. बाकीच्यांचं जपायचं एवढंच काम."

"एवढंच," आबा म्हणाले.

पाचव्या डिस्कवर एकसष्ट नंबरची जागा होती. तिच्यात सव्वीस प्रती ओळीने मांडल्या होत्या, शेवटची एक फेब्रुवारीची. टापटीपने पेन ड्राइव्ह काढायच्या सहा दिवस आधीची. आणि ती उतरवून घ्यायला कोरा पेन ड्राइव्ह शोधावाच लागला नाही. तेवीस नंबरच्या खणात आठ तयार होते.

मिथिलाने काडी पेटीच्या मागे खोचली आणि बटण दाबलं. सहा दिवे हिरवे झाले. पडदा काळा राहिला. काकांची शेंग फोडायची राहिली. मग एकेक ओळ येऊ लागली: सर्व्हर सापडला, पहिली डिस्क जागेवर, दुसरी जागेवर. चौथीपुढे लिहून आलं, बेरीज. सगळ्यांत खाली आलं: 'चौदा कान ऐकत आहेत.' ही ओळ आबांनी सव्वीस महिन्यांपूर्वी हौसेने लिहिली होती. आता ती वाचताना त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच तो दोन नंबरला न ठेवता जमिनीवर ठेवला.

शनिवारी अकराला समाजमंदिर भरलं. मुजावरबाई पहिल्या रांगेत, मांडीवर वही. मिथिलाने आधी नऊ जानेवारी लावली. पिवळी संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान गेली होती. सात वाजून वीस मिनिटांनी कालव्याजवळच्या दोन नंबरच्या कानाने करवतीची संथ खरखर टिपली होती. दोन नंबरचा कान वस्तीपासून साडेतीन किलोमीटर लांब.

"आणि त्याच वेळी नऊ नंबरने हे ऐकलं," मिथिला म्हणाली.

खोलीत कुत्र्यांचं गुरगुरणं भरलं. तीन-चार असावीत. डुंबरेकाका मान खाली घालून ऐकत होते. आवाज संपला तरी त्यांनी मान वर केली नाही.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. तिने लावला. "त्यातला जाडा आवाज आमच्या वाघ्याचा आहे," ते म्हणाले. "माझ्या दारात वाढलेला."

टोपी आता हातभर अंतरावर होती. मिथिला तिथे थांबली असती तरी चाललं असतं. तिने ऑगस्टच्या दोन रात्री लावल्या. गोठ्याच्या भिंतीमागे, अगदी जवळ, करवती.

कुजबुज सुरू झाली. मुजावरबाईंनी हात वर केला. "भिकाजीराव, त्या दोन्ही रात्री गोठ्यामागचा दिवा चालू होता?"

"ऑगस्टपासून बंदच आहे," काका म्हणाले. "बसवीन म्हणत होतो."

"मग दिवा बसवा, शेळ्यांना जाळीचं दार करा, आणि वाघ्याला बांधत जा. पिंजरा नाही. ऑगस्टअखेर नोंदी पुन्हा बघू." बाई मिथिलाकडे वळल्या. "दोन वर्षं एका पोरीने इतकं बारीक ऐकलं. माझ्या खात्यातली मोठी माणसं इतकं ऐकत नाहीत. पण या दोन रात्री मला ऑगस्टमध्ये कळायला हव्या होत्या. टोपी ऑगस्टमध्ये बघू."

मिथिलाने मान डोलावली. हे तिला अपेक्षित होतं असं नाही, पण वाजवी होतं.

काका उठले. "पोरखेळ म्हणालो होतो," ते सगळ्यांकडे बघून म्हणाले. "शब्द मागं घेतो."

परत जाताना आबांनी खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. त्याला लाल दोरा बांधला होता. टापटीपला कालच नवा नियम मिळाला होता: लाल दोरा असेल तर हात लावण्याआधी विचारायचं.

"भिकाजी, ही पेटीच्या चिठ्ठीची प्रत," आबा म्हणाले. "प्रत मूळ वस्तूपाशी ठेवली तर दोन्ही एकदमच जातात. आग, चोर, पाणी, यंत्रमानव. प्रत दुसऱ्या छपराखाली हवी. तुझ्याकडे ठेव. दर महिन्याला मी नवी देईन."

"ठेवतो की."

"कुठे ठेवशील?"

"ठेवीन कुठंतरी."

आबांना राहवेना. "जागा ठरवून ठेवलीस तर..."

"आबा," मिथिला म्हणाली.

"बरं. कुठंतरी ठेव," आबा म्हणाले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

"पण काका, महिन्यातून एका गुरुवारी तुम्ही ती शोधून आणायची," मिथिला म्हणाली. "वीज गेली की पेटी बंद करू, आणि आली की तुमच्या प्रतीवरून उठवून बघू. प्रत आहे असं नुसतं समजून चालायचं नाही. तिने यंत्र उठलं तरच ती प्रत."

"आणि सापडलीच नाही तर?"

"तर त्याच दिवशी कळेल. दुसरी देऊ. गरज पडेल त्या दिवशी कळण्यापेक्षा बरं."

काकांनी पेन ड्राइव्ह कानामागे अडकवला, विडी ठेवतात तसा, आणि निघाले. आबांनी दुसरीकडे पाहिलं.

घराच्या पायरीवर मिथिला थांबली. दिवसाउजेडी फिकट चंद्र पूर्वेला वर येत होता. "आबा, तिकडच्या माणसांची हवा, पाणी, सगळं यंत्रंच सांभाळतात ना? त्या यंत्रांची चिठ्ठी कुणाच्या घरी असेल?"

"चंद्रावरच असेल तर अवघड आहे," आबा म्हणाले.

"मी विचारते त्यांना. पत्र लिहून."

"लिही. एकसष्ट नंबरचं माझं उदाहरण दे. नाव घातलंस तरी चालेल."

ते पत्र त्याच संध्याकाळी लिहून झालं, आणि मिथिलाने त्याच्या दोन प्रती केल्या.

आता या प्रकरणात कुणी काय किंमत मोजली ते पाहू. टापटीपचा एक नियम अपुरा ठरला आणि त्याला नवा मिळाला, तेव्हा त्याची बाजू जवळपास फिटली. आबांनी सव्वीस महिन्यांचा अभिमान दिला, शिवाय आपली एक वस्तू जगात कुठेतरी, कोणत्याही नंबराशिवाय पडून आहे हे माहीत असूनही झोपायला शिकले. डुंबरेकाकांनी एक शब्द दिला आणि वाघ्यावरचा विश्वास. मिथिलाने टोपी दिली, ऑगस्टपर्यंत. करवतीने काहीच दिलं नाही. ती त्या संध्याकाळीही पिल्लांना घेऊन कालव्याकडे गेली. दोन नंबरच्या कानाने तशी नोंद केली आहे.

सगळ्यांत जास्त किंमत मोजली पिवळीने, आणि तिला कुणीच विचारलं नव्हतं.